अंगवळणी

शुगर लो झाली की मी भयंकर सभ्य होते. हे मला माहीत नव्हतं, माझ्या मुलीनं सांगितलं. एरवी मी तिच्याशी ज्या सुरात बोलते तो सूर जातो आणि "हो बाळा, तुझं अगदी बरोबर आहे" असलं काहीतरी सावकाश, जपून बोलायला लागते. मग ती हातातलं काम टाकते आणि म्हणते, "आई, मीटर." मी म्हणते, "अगं, मी ठीक आहे." ती म्हणते, "ठीक असतीस तर एव्हाना ओरडली असतीस." मीटरवर ४३ येतं. कधी ४८.

टाईप वन मधुमेहाला, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवेनासं होतं त्या प्रकाराला, मला एकतीस वर्षं झाली. पहिली दहा-बारा वर्षं साखर उतरायला लागली की अंग आपणहून बोंब मारायचं. हातांना कापरं भरायचं, दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, आणि पोटात कावळे नव्हे तर गिधाडं ओरडायची. साधारण ६५ वर ही घंटा वाजायचीच. पुढं ती ५५ वर वाजायला लागली, मग ५० वर, आणि मग वाजेनाशी झाली. ती कधी बंद पडली हे सांगता येत नाही. बंद पडलेली घंटा ऐकू येत नाही, एवढंच.

डॉक्टर याला 'हायपोग्लायसीमिया अनअवेअरनेस' म्हणतात. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे: भान. मला माझ्या साखरेचं भान राहिलेलं नाही. शुद्ध हरपलेला माणूस पडतो, लोक धावत येतात. भान हरपलेला माणूस उभा असतो, बोलत असतो, कागदावर सही करतो, गाडीची किल्ली उचलतो. टाईप वन असलेल्या प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा माझ्यासारखा आहे, आणि आमच्यात साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण इतरांच्या मानानं सहापट धरलं जातं.

त्या वेळेतली मी मला फक्त ऐकून माहीत आहे. एकदा म्हणे मी वीस मिनिटं एकच चादर घडी करत होते. घडी नीट होती, असं मुलगी म्हणते.

पण मला बोचायचं ते वेगळंच. "तुला कळत कसं नाही?" हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की त्याचे सगळे सूर मला पाठ आहेत. काळजीचा, वैतागाचा, आणि एक अगदी हळू आवाजातला, ज्याचा अर्थ असतो 'तू लक्षच देत नाहीस.' मलाही तसंच वाटायचं. स्वतःच्या अंगात काय चाललं आहे हे माणसाला कळू नये? ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. इथं ज्याचं जळतं त्यालाच कळत नव्हतं.

म्हणून एका संशोधनासाठी स्वयंसेवक हवे आहेत असं कळलं तेव्हा मी नाव दिलं. एमआरआय यंत्रात झोपवून, मुद्दाम साखर खाली आणून, मेंदू काय करतो ते पाहायचं होतं. घरी कुणालाच ते पटलं नाही. जे टाळण्यासाठी एकतीस वर्षं धडपड केली तेच कागदावर सही करून मागायचं, हे मलाही थोडं विनोदी वाटत होतं.

आधी हिशेब सांगते, कारण त्याच्याशिवाय या प्रकरणातलं नाट्य कळत नाही. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून, उपाशीपोटी, साधारण पाच ग्रॅम साखर असते. म्हणजे एक लहान चमचा. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम साखर जाळतो. म्हणजे तासाला चमचाभर. यकृतानं साखर सोडणं थांबवलं तर मेंदू एकटा रक्तातली सगळी साखर तासाभरात फस्त करील. स्वतःच्या घरात त्याचा साठा नगण्य. हातावरचं पोट म्हणतात ते हे. आणि मेंदूला साखर आत घ्यायला इन्सुलिनची गरज लागत नाही, रक्तात जेवढी असेल त्या मानानं ती आत झिरपते. रक्तात कमी तर आत आणखी कमी.

म्हणून शरीरानं एकावर एक बांध घातले आहेत. निरोगी माणसाची साखर ८० च्या खाली सरकायला लागली की स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्सुलिन आखडतं. ७० च्या आत गेली की साखर चढवणारं ग्लुकागॉन सुटतं, मागोमाग अ‍ॅड्रिनलिन, आणि यकृत साखर ओतायला लागतं. त्याहूनही खाली गेली की कापरं, घाम, भूक. हा शेवटचा बांध म्हणजे माणसाला हलवून सांगणं की बाबा रे, काहीतरी खा. माझ्यासारखीचा पहिला बांध नाहीच, कारण इन्सुलिन एकदा टोचलं की ते परत घेता येत नाही. दुसऱ्यातला ग्लुकागॉनचा भाग आजाराच्या पहिल्या काही वर्षांतच निकामी होतो. राहतं अ‍ॅड्रिनलिन आणि भान. माझं तेही गेलं होतं.

या सगळ्यात मेंदूचा हात आहे ही शंका जुनी आहे. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १८४९ च्या सुमारास सशाच्या मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या बुडाशी, सुई टोचली आणि सशाच्या लघवीत साखर उतरली. मेंदूला डिवचलं की साखर हलते! पुढं १९२२ मध्ये टोरांटोला इन्सुलिन नवंनवं हाती आलं तेव्हाही ससेच पुढं होते. जास्त इन्सुलिन दिलेल्या सशांना झटके यायचे, ते निपचित पडायचे, आणि ग्लुकोज टोचलं की काही मिनिटांत उठून बसायचे. इन्सुलिनचं पहिलं माप ठरलं तेही सशाची साखर झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवायला किती लागतं यावरून. मी रोज जे 'युनिट' मोजते त्याच्या मुळाशी एक थरथरणारा ससा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

१९३० च्या दशकात तर वेडावर उपाय म्हणून माणसांना मुद्दाम इन्सुलिन देऊन कोमात नेत असत. व्हिएन्नाच्या मानफ्रेड साकेलची ही पद्धत बरीच वर्षं चालली, आणि मग तिचा उपयोग नाही असं दिसल्यावर बंद पडली. अमेरिकेत सीमोर केटी यांनी १९४८ मध्ये त्या कोमातल्या रुग्णांच्या मेंदूतून किती रक्त वाहतं आणि तो किती ऑक्सिजन घेतो हे मोजून ठेवलं. रक्त थांबलं नव्हतं, ऑक्सिजनचा वापर मात्र घसरला होता. म्हणजे वारा आहे, सरपण नाही. पण हे सगळ्या मेंदूचं एकत्र माप. आत कुठल्या खोलीत दिवा विझला आणि कुठल्या खोलीत कुणी धावपळ करतंय, हे कळायला पुढची तीस-चाळीस वर्षं जावी लागली.

दोन फेऱ्या होत्या, महिन्याच्या अंतरानं. एकीत साखर ९० वर धरून ठेवणार, दुसरीत ५० च्या आसपास उतरवणार. कुठल्या दिवशी काय, हे मला सांगणार नव्हते. तिथल्या संशोधक बाई समजुतीनं बोलणाऱ्या होत्या, पण या एका मुद्द्यावर दगड.

दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर काढून ठेवावा लागला, चुंबकाच्या खोलीत तो चालणार नव्हता. गेली दोन वर्षं तो होता, आणि तो काढल्यावर मला कपडे काढल्यासारखं वाटलं. एका हाताला इन्सुलिन आणि ग्लुकोजची नळी लावली. दुसरा हात गरम कापडात गुंडाळला, कारण हात चांगला ऊबदार ठेवला की शिरेतलं रक्त धमनीतल्या रक्ताच्या जवळ जातं आणि साखरेचा खरा आकडा मिळतो. या पद्धतीला क्लॅम्प म्हणतात. १९७९ मध्ये राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी ती नीट मांडली. कल्पना सोपी आहे: इन्सुलिन एका ठरावीक वेगानं सोडत राहायचं, दर पाच मिनिटांनी रक्त काढून साखर मोजायची, आणि ग्लुकोजचा नळ कमी-जास्त करत आकडा हवा तिथं धरून ठेवायचा. यंत्राच्या खोलीत लोखंड चालत नाही, म्हणून पंप बाहेर आणि नळ्या लांबच लांब. भिंतीपलीकडे कुणीतरी माझी साखर पतंगासारखी उडवत होतं, ढील देत, खेचत.

यंत्राच्या आत आवाज असा की कोणीतरी पत्र्यावर शिस्तीत हातोडा मारतंय. अधूनमधून कानात प्रश्न येत. घाम? थरथर? धडधड? भूक? एक ते सातमध्ये सांगा.

पहिल्या दिवशी माझी छाती धडधडत होती. तळवे ओले झाले होते. मी धडधडीला पाच म्हटलं, घामाला चार. मनात म्हटलं, आहे की भान! एवढं काही गेलेलं नाही. दुसऱ्या खेपेला मी निवांत होते. आवाजाचीही सवय झाली होती. सगळ्याला एक, एक, एक. एका टप्प्यावर तर फार छान वाटत होतं, आणि संशोधक बाईंचा आवाज किती गोड आहे असा विचार मनात आल्याचं आठवतं.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कुठल्या दिवशी साखर कमी होती?"

"पहिल्या," मी ठामपणे म्हटलं.

पहिल्या दिवशी माझी साखर पूर्ण वेळ ९० होती. ती नुसती भीती होती, बंद नळीत झोपण्याची. दुसऱ्या दिवशी ती चाळीस मिनिटं ५० होती.

हे ऐकल्यावर मी हसले. घरी आल्यावर रडले. मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू दुसऱ्या दिवशी त्यांना थँक्यू किती वेळा म्हणालीस?"

मला माझी चित्रं पाहायची होती. त्यांनी दाखवली, पण आधी चांगली कानउघाडणी केली, आणि ती मला चित्रांपेक्षा जास्त उपयोगी पडली. मेंदूच्या चित्रात जो लाल-पिवळा डाग दिसतो तो उजेड नाही, उष्णता नाही, विचार तर नाहीच. तो दोन मापांमधला फरक आहे, आणि तो फरक योगायोगानं पडण्याची शक्यता किती कमी आहे त्याप्रमाणे वर चढवलेला रंग. एका माणसाच्या एका चित्रावरून जवळपास काहीच सांगता येत नाही. वीस-तीस माणसांचे मेंदू एका साच्यात बसवून सरासरी काढली की मग कुठं काही बोलता येतं. वर्तमानपत्रांत 'मेंदूचा हा भाग उजळला' असं छापतात ते वाचताना मला आता उगाच चिडायला होतं.

साखरेच्या बाबतीत तर अडचणी दुप्पट. एमआरआयनं मेंदूचं काम पाहायची जी नेहमीची रीत आहे, सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेली, ती रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावर चालते. पण साखर उतरली की मेंदूतला रक्तप्रवाह स्वतःच बदलतो. मोजपट्टीच ताणली जाते. शिवाय साखर उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढ्या वेळात यंत्राचा संकेत आपला आपण सरकत असतो. म्हणून माझ्यावर दुसरी पद्धत वापरली: मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर चुंबकानं खूण करायची आणि ते पाणी मेंदूत कुठं किती पोचलं ते पाहायचं.

जुनी आणि अजूनही चालणारी वाट म्हणजे पेट स्कॅन. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली खोटी साखर देतात. पेशी ती खरी समजून आत घेते, पण तिला ती पुढं जाळता येत नाही, ती आतच अडकते आणि आपला ठावठिकाणा सांगत राहते. या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. मोठी नामी युक्ती आहे, पण रक्तातली खरी साखर कमी झाली की दारावरची गर्दी कमी होते आणि खोट्या साखरेला सहज प्रवेश मिळतो, मग आकडेमोडीत तेवढी दुरुस्ती करावी लागते. ऑक्सिजन-१५ घातलेलं पाणी टोचून रक्तप्रवाह मोजता येतो, पण त्याचं अर्धायुष्य दोन मिनिटं. ते बनवणारं यंत्र शेजारच्या खोलीतच हवं.

आणि ही धोक्याची घंटा वाजवण्याचा ज्याच्यावर सगळ्यात संशय तो मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, जेमतेम चार ग्रॅमचा, कवटीच्या बुडाशी, हवेच्या पोकळ्यांजवळ, जिथं एमआरआयचं चित्र हमखास वेडंवाकडं येतं. उंदरांमध्ये त्याची भूमिका १९९० च्या दशकात येल विद्यापीठातल्या प्रयोगांनी स्पष्ट केली: रक्तात साखर भरपूर असतानाही हायपोथॅलॅमसच्या एका भागाला तेवढी उपाशी ठेवली की सारं शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. माणसाच्या बाबतीत मात्र तिथं डोकावणं अजून जिकिरीचं आहे.

तरीही काही गोष्टी दिसल्या आहेत. निरोगी माणसाची साखर उतरवली की फक्त हायपोथॅलॅमस नाही, संदेश पुढं धाडणारा थॅलॅमस आणि कपाळामागचा आतला भागही कामाला लागतो. म्हणजे साखर कमी होणं ही मेंदूच्या दृष्टीनं नुसती रसायनाची बाब नाही. त्यात भीती आहे, निर्णय आहे, 'याकडे लक्ष दे' असा हुकूम आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटानं २००७ मध्ये भान हरवलेल्या टाईप वन रुग्णांचे पेट स्कॅन छापले. त्यांच्यात भीतीशी संबंध असलेला अमिग्डाला आणि मेंदूचा पुढचा भाग यांचा प्रतिसाद मंदावलेला होता. २०१८ मध्ये येलच्या गटानं एमआरआय वापरून साखर ९० वरून ६० वर नेली. निरोगी लोकांच्या मेंदूत हालचाल दिसली, भान शाबूत असलेल्या रुग्णांत वेगळ्या प्रकारची पण दिसली, आणि भान गेलेल्यांमध्ये फरक म्हणण्यासारखा नाहीच. सपाट.

ते सपाट वाचून मला जे वाटलं ते विचित्र होतं: सुटका. मी लक्ष देत नव्हते असं नाही. लक्ष वेधून घेणारी हाकच उठत नव्हती.

हाक का उठत नाही, याचं उत्तर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या फिलिप क्रायर यांच्या कामातून बरंचसं मिळतं. १९९१ मध्ये सायमन हेलर आणि त्यांनी दाखवलं की निरोगी माणसाचीसुद्धा साखर एका दुपारी खाली आणली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली गेल्यावर अ‍ॅड्रिनलिन कमी सुटतं आणि लक्षणंही कमी होतात. एकाच दुपारी! मग वर्षानुवर्षं आठवड्यातून दोन-तीनदा हे होत असेल तर? 'साखर काटेकोर ठेवा' हा उपदेश मी इमानदारीनं पाळला होता. काटेकोर ठेवता ठेवता ती वरचेवर काट्याच्या खाली जात होती, आणि शरीराला ते अंगवळणी पडत होतं.

मी समजत होते की अंगवळणी पडणं म्हणजे झिजणं. जोड्याचा तळ झिजतो तसं. पण त्याच विद्यापीठातल्या गटानं २००८ मध्ये पेट स्कॅनवरून वेगळंच सुचवलं. आदल्या दिवशी साखर उतरवलेल्या निरोगी लोकांची दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवली, तेव्हा अ‍ॅड्रिनलिनचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे कमी झाला, पण थॅलॅमसच्या मधल्या भागाची हालचाल मात्र वाढलेली दिसली. त्यांचा अंदाज असा की थॅलॅमसचा हा भाग धोक्याच्या संदेशाला दाबत असावा. म्हणजे घंटा झिजलेली नाही, कुणीतरी तिची लोळी हातात घट्ट धरून उभं आहे. रोज तीच बोंब ऐकून वैतागलेल्या घरातल्या थोरल्या माणसासारखं: गप्प बसा, काही होत नाही, कालही काही झालं नव्हतं.

हे अजून अनुमानच आहे. पण मला ते चित्र पटतं, कारण घट्ट धरलेला हात सैल होऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये डंडीच्या संशोधकांना उंदरांमध्ये असं दिसलं की जोरदार व्यायामासारखा एखादा नवा, वेगळा ताण दिला की साखरेची ही सवय मोडते आणि प्रतिसाद परत येतो. माणसांसाठी याहून साधा उपाय १९९० च्या दशकापासून माहीत आहे: दोन-तीन आठवडे साखर एकदाही खाली जाऊ द्यायची नाही.

साधा म्हणजे सांगायला. करायला गेलं तर तीन दशकांचं वळण उलटं फिरवायचं. सेन्सरचा इशारा मी ९० वर नेऊन ठेवला. रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. १८०, २०० असे आकडे दिसले की जुनी अपराधी भावना उसळायची, आणि हात आपसूक इंजेक्शनकडे जायचा. डॉक्टरांनी "थोडी वर राहू दे" असं लिहूनच दिलं होतं, तो कागद मी जवळ ठेवला होता, शाळेतल्या रजेच्या चिठ्ठीसारखा. तरी दुसऱ्या आठवड्यात एकदा ५८ झालीच आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पाचवा आठवडा चालू होता. जुन्या सेन्सरची मुदत संपली म्हणून नवा लावला होता. तो सुरुवातीला तासभर आकडा दाखवत नाही, नुसतं गोल चक्र फिरत राहतं. मी टेबलाशी काहीतरी लिहीत होते आणि अक्षर बिघडायला लागलं. पेन बदलून पाहिलं. मग लक्ष हाताकडे गेलं. बोटं थरथरत होती. मानेमागून घामाची एक धार पाठीवर उतरली आणि छातीत ते जुनं, विसरलेलं धडधडणं सुरू झालं.

मीटर घेतला. ६२.

ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि चघळता चघळता हात समोर धरून बसले. किती बारीक, किती जलद थरथरतात बोटं! मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. माझ्या समोर धरलेल्या हाताकडे, मग तोंडाकडे बघून तिच्या कपाळावर आठी पडली.

"आई, मीटर."

"केव्हाच बघितलं," मी खेकसले. "आणि दारात काय उभी राहतेस, उजेड अडतोय."

ती दारातून हलली नाही. नुसती हसत उभी राहिली.